वाचकांचे प्रश्न : स्पोर्ट्स कार घेण्याचे वय कोणते?

प्रश्न : मी ५७ वर्षांचा असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे नोकरी करून पुढील वर्षी निवृत्त होत आहे. दोन आसनांची, छत उघडता येणारी एखादी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी, ही माझी तरुणपणापासूनची इच्छा आहे. मुलगी म्हणते, "बाबा, ही तरुण मुलांची गाडी आहे, या वयात ती शोभणार नाही." स्पोर्ट्स कार घेणारे लोक खरोखर कोणत्या वयाचे असतात? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : आपल्या मुलीच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतला तरुण आहे, शोरूममध्ये पैसे भरणारा माणूस बहुधा तिच्या वडिलांच्या वयाचा असतो. अमेरिकेत, जिथे स्पोर्ट्स कारची बाजारपेठ जुनी आणि मोठी आहे, नवी शेव्हरोले कॉर्व्हेट घेणाऱ्यांचे सरासरी वय साठीच्या आसपास आणि नवी पोर्श ९११ घेणाऱ्यांचे पन्नाशीच्या घरात असल्याचे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. म्हणजे आपण या गाडीसाठी वयाने मोठे तर नाहीच, उलट तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या अगदी मधोमध आहात.

याचे कारण आवडीनिवडीत शोधू नये, ते घराच्या हिशेबात सापडते. दोन आसनांची गाडी घरातली एकमेव गाडी होऊ शकत नाही. मुले शाळेत असतात, आईवडिलांना दवाखान्यात न्यायचे असते, दिवाळीत सगळ्यांना गावी जायचे असते, तोवर मागची सीट आणि मोठी डिकी हवीच. त्यामुळे अशी गाडी घेण्याचे दोनच काळ उरतात, एक लग्नाआधीचा आणि दुसरा मुले मार्गी लागल्यानंतरचा. पहिल्या काळात इच्छा असते पण पैसा नसतो. दुसऱ्या काळात घराचे हप्ते फिटलेले असतात. पंचविशीतल्या मुलाला ही गाडी साठीतल्या माणसापेक्षा कमी आवडते असे नाही, त्याची पाळी अजून यायची असते, एवढेच.

दुसरे कारण पिढीचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी मस्टँग बाजारात आणली, तेव्हा तिची मूळ किंमत २,३६८ डॉलर होती आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या, नुकत्याच कमावू लागलेल्या तरुणांवर कंपनीचा डोळा होता. पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. त्या तरुणांनी, आणि त्या वेळी गाडी परवडली नाही म्हणून केवळ पाहत राहिलेल्यांनीही, ती ओढ पुढे आयुष्यभर जपली. विसाव्या वर्षी मनात भरलेली गाडी माणूस हाती पैसा आला की घेतो, मग तेव्हा त्याचे वय काहीही असो. आपलेही तेच झालेले दिसते.

मात्र 'सरासरी वय' हा आकडा वाचताना सावध राहावे. नवी गाडी घेणारा आणि ती आज चालवणारा हे बहुधा वेगळे असतात. माझदाची एमएक्स-५ ही १९८९ साली आलेली, सुमारे एक टन वजनाची, दोन आसनांची उघडी गाडी घ्या. जगात सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून तिची नोंद आहे आणि २०१६ मध्ये तिने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. नवी एमएक्स-५ घेणाऱ्यांत उतारवयातील ग्राहक मोठ्या संख्येने असतात, पण तीच गाडी पंधरा वर्षांनी तिसऱ्या मालकाकडे जाते तेव्हा तो एखादा विद्यार्थी किंवा नवशिका मेकॅनिक असू शकतो. खरेदीदाराचे सरासरी वय वर जात असताना मालकांचे वय खालच्या बाजूलाही पसरत जाते, आणि एकच आकडा या दोन्ही गोष्टी सांगू शकत नाही. शिवाय कंपन्या वय सांगतात ते बहुधा साऱ्या ब्रँडचे. पोर्शने २००२ मध्ये कायेन ही एसयूव्ही आणली आणि लॅम्बोर्गिनीने २०१८ पासून उरूस विकायला सुरुवात केली. त्यानंतर या कंपन्यांच्या ग्राहकांचे वय मोजताना दोन आसनांची गाडी घेणारा आणि कुटुंबासह फिरणारा असे दोघेही एकाच बेरजेत आले.

अलीकडे महागड्या टोकाला हे वय खाली सरकत आहे, हेही सांगायला हवे. फेरारीचे प्रमुख बेनेडेट्टो व्हिन्या यांनी २०२५ मध्ये सांगितले की त्यांच्या नव्या ग्राहकांपैकी ४० टक्के ग्राहक चाळिशीच्या आतले आहेत. चीनमध्ये पोर्श घेणारा अमेरिकेतील ग्राहकाहून बराच तरुण असतो. भारताचे चित्र चीनच्या जवळचे आहे. परदेशात पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महागड्या गाडीवर शंभर टक्क्यांहून अधिक सीमाशुल्क, त्यावर जीएसटी आणि शेवटी राज्याचा वाहनकर लागतो, त्यामुळे तीस वर्षे पगारातून साठवणाऱ्या माणसाच्या आवाक्यात ती राहत नाही. जी घेतली जाते ती प्रामुख्याने व्यवसायाच्या पैशातून, आणि व्यवसायाचा पैसा घरातल्या पुढच्या पिढीच्या हाती लवकर येतो. आपल्याकडे एमएच-१५ क्रमांकाच्या अशा एखाद्या गाडीचे आरसी बुक पाहिले, तर त्यावर वडिलांचे किंवा फर्मचे नाव असते आणि गंगापूर रोडवर ती चालवताना मुलगा दिसतो. या गाडीचे 'मालकाचे वय' कोणते धरावे, याचे उत्तर आरटीओच्या नोंदीतून मिळणार नाही.

आता आपल्या खरेदीविषयी. आयात गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत झपाट्याने उतरते, म्हणून जुनी गाडी पाहण्याचा आपला विचार योग्य आहे. कर्ज काढणार असाल तर नोकरी सुरू असतानाच बँकेशी बोला, कारण पगारदाराचे कर्ज निवृत्तीपूर्वी फिटावे असा बहुतेक बँकांचा आग्रह असतो. माझे स्पष्ट मत विचाराल तर ही गाडी साठवलेल्या पैशातून घ्यावी आणि निवृत्तीच्या रकमेला हात लावू नये. कमी किलोमीटर चाललेली गाडी पाहून हुरळून जाऊ नका. उभ्या राहिलेल्या गाडीचे टायर कडक होतात, छताचे रबर सुकते, बॅटरी बसते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. टायर सहा वर्षांहून जुने निघाले तर नव्या संचाचा खर्च किमतीतून वजा करून मागा. काही ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपसाठी मुंबई गाठावी लागते, तो खर्चही आधीच धरा.

प्रश्न : आमचा पिंपळगाव बसवंत येथे द्राक्षांचा व्यवसाय आहे. मुलगा २२ वर्षांचा आहे आणि तीनशेहून अधिक अश्वशक्तीची स्पोर्ट्स कार मागतो आहे. हे वय योग्य आहे का? (एक आई)

उत्तर : ताई, कायद्याने योग्य आहे, अठरा वर्षे पूर्ण आणि परवाना हाती असला की कितीही ताकदीची गाडी चालवता येते. मला काळजी वाटते ती याचीच. ब्रिटनसारख्या देशात पंचविशीच्या आतल्या चालकाला ताकदवान गाडीचा विमा इतका महाग पडतो की बहुतेक मुले आपोआप थांबतात. आपल्याकडे तृतीय पक्ष विम्याचा हप्ता इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो, चालकाच्या वयावर नाही; १५०० सीसीवरील खासगी गाडीला २२ वर्षांच्या मुलासाठी जो दर, तोच ५७ वर्षांच्या माणसासाठी. विमा कंपनी जे काम तिकडे करते ते इकडे आईवडिलांनाच करावे लागते.

मुलाला नकार देऊ नका, क्रम ठरवून द्या. आधी दोन वर्षे शंभर-सव्वाशे अश्वशक्तीची, मॅन्युअल गिअरची गाडी त्याने विनातक्रार चालवावी. त्या काळात कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या ट्रॅकवर प्रशिक्षण घ्यावे, म्हणजे ब्रेक दाबल्यावर गाडीचे वजन पुढे कसे जाते आणि वळणात ॲक्सिलरेटर अचानक सोडल्यावर मागची चाके का निसटतात, हे त्याला सुरक्षित जागी कळेल. आपल्या नाशिकला रॅलीची जुनी परंपरा आहे. वेगाची हौस शिस्तीत कशी भागवायची, हे त्या क्षेत्रातील माणसांकडून शिकता येईल. समृद्धी महामार्गावर वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि तीनशे अश्वशक्तीची गाडी ती मर्यादा काही सेकंदांत ओलांडते, हे त्याला गाडी हाती देण्यापूर्वीच समजलेले असावे.

घरात धाकटा भाऊ असेल तर किल्ली कुलूपबंद ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात अल्पवयीन मुलाच्या हातातील पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती दोन घरे आठवली की या विषयावर सौम्य शब्दांत लिहिणे मला जमत नाही.

प्रश्न : वय ६६, गुडघे दुखतात. इतक्या खाली बसणारी गाडी जमेल का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : अमेरिकन अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९९५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या संघासह गटविजय मिळवला होता, म्हणून केवळ वयाच्या आकड्यावरून मी कुणालाही नाही म्हणणार नाही. पण गुडघ्यांचे उत्तर शोरूममध्येच घ्या. छत बंद ठेवून दहा वेळा आत-बाहेर करा. आधी पाठ आत वळवून बसा, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्या आणि उतरताना हाच क्रम उलटा करा. दोनच दरवाज्यांच्या गाडीचे दार लांब असते, ते आपल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पूर्ण उघडते का हे मोजून पाहा. या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स साधारण १२० ते १४० मिलिमीटर असतो, तर आपल्या नाशिकच्या कारखान्यात बनणाऱ्या महिंद्रा थारचा २२६, त्यामुळे सोसायटीच्या फाटकाजवळचा गतिरोधकच कदाचित निर्णय देईल. चाळिशीनंतर परवान्याच्या नूतनीकरणासाठी फॉर्म १ए वर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. ते घेताना डॉक्टरांकडून रात्रीची दृष्टी आणि समोरच्या दिव्यांच्या झगमगाटाचा त्रासही तपासून घ्या, कारण खाली बसलेल्या चालकाच्या डोळ्यांवर समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे अधिक थेट पडतात.