‘फँड्री’ पाहिला, पण मला ती एका शाळकरी मुलाची फसलेली प्रेमकथा वाटली. लोक म्हणतात तो खोल अर्थ त्यात कसा शोधायचा?

तुम्हाला जे दिसले ते चुकीचे नाही, एवढे आधी सांगतो. वर्गातल्या शालूवर जीव जडलेला जब्या आणि जिची राख अंगावर टाकली की मुलगी वश होते अशी त्याची समजूत आहे त्या काळ्या चिमणीमागे त्याने गलोल घेऊन केलेली पायपीट, हे सारे प्रेमकथेतलेच आहे; चित्रपट प्रदर्शितही १४ फेब्रुवारी २०१४ रोजी झाला होता. मी तो तेव्हाच सोलापुरात पाहिला आणि बाहेर पडताना माझेही मत थोडेफार तुमच्यासारखेच होते. फक्त शेवटचा दगड मनात रुतून बसला होता.

नंतर आणखी दोनदा पाहिल्यावर माझ्या ध्यानात आले की चिमणी कशाचे प्रतीक आणि डुक्कर कशाचे प्रतीक, अशी कोडी घालत बसलो तर हा चित्रपट हाती लागत नाही. मी तुम्हाला एकच गोष्ट सुचवीन. प्रत्येक प्रसंगात कोण कोणाकडे पाहत आहे आणि कोण कोणाच्या नजरेपासून लपत आहे, एवढेच पाहा. पूर्वार्धात पाहणारा जब्या आहे. वर्गात, रस्त्यात, जत्रेत तो शालूकडे पाहतो आणि तिनेही एकदा आपल्याकडे पाहावे म्हणून झुरतो. उत्तरार्धात, गावातली डुकरे पकडायचे काम त्याच्या घरावर येते तेव्हा, तोच मुलगा तिची नजर चुकवण्यासाठी भिंतीआड आणि झुडपाआड दडू लागतो. मुलीच्या लग्नासाठी पैशांच्या विवंचनेत असलेल्या त्याच्या बापाला, म्हणजे किशोर कदम यांनी उभ्या केलेल्या कचरू मानेला, हे दडणे कळतच नाही; त्याला फक्त कामचुकार पोरगा दिसतो आणि तो त्याला बदडतो. वयात येणे म्हणजे आवाज फुटणे, मिसरूड फुटणे, असे आपण धरून चालतो. जब्या वयात येतो तो गावाला आपण कसे दिसतो हे त्याला उमगते त्या दिवशी.

शीर्षकाकडेही जरा थांबून पाहावे. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत, जब्याच्या जमातीच्या बोलीत, डुक्कर. महाराष्ट्रात इतरत्र हा शब्द लोकांना परका वाटला असेल, पण आम्हा सोलापूरकरांच्या कानाला तो तितका परका नाही. इथे एकाच गल्लीत मराठी, कन्नड आणि तेलुगू नांदते; तेलुगूत डुकराला पंदी म्हणतात, कन्नडमध्ये हंदी, आणि तमिळमध्ये पन्ऱी. कैकाडी ही तमिळला जवळची बोली असल्यामुळे फँड्री हा त्याच गोतावळ्यातला शब्द आहे. म्हणजे गावाने शिवीसारखा वापरलेला हा शब्द मुळात जब्याच्या आईबापांच्या घरातला, रोजच्या बोलण्यातला आहे. स्वतःचीच भाषा दुसऱ्याच्या तोंडून टोमणा होऊन कानावर पडावी, याहून मोठी जखम कोवळ्या वयात कोणती असू शकेल, मला सांगता येणार नाही.

या नजरेला इतिहासही आहे, आणि तो आमच्या शहरात घडलेला आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये त्याची व्याप्ती वाढवली, आणि ज्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला त्यांना तारेच्या कुंपणात वसवले. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. कैकाडीही तिथे होते. ठरल्या वेळी हजेरी द्यावी लागे, कोणाच्या तरी डोळ्यांखाली दिवस काढावा लागे. ऑगस्ट १९५२ मध्ये तो कायदा गेला. चित्रपट यातले काहीही उच्चारत नाही, परंतु दिग्दर्शक नागराज मंजुळे याच जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे आहेत, आणि मला तरी त्या डुकरांच्या पाठलागात बांधाबांधावर बसून गंमत पाहणाऱ्या गावकऱ्यांमध्ये ती जुनी हजेरी दिसते.

राष्ट्रगीताचा प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. डुक्कर हाताशी आलेले असताना शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, आधी जब्या ताठ उभा राहतो, मग घरची सगळी माणसे, आणि डुक्कर निवांतपणे निघून जाते. प्रेक्षागृहात तेव्हा हशा पिकला होता. हसू येतेच, परंतु त्यांच्या उभे राहण्यात कसलीही थट्टा नाही. त्यांनी दाखवलेला आदर अस्सल आहे, आणि त्याची किंमत त्यांच्या कमाईतून गेली आहे. पुढे बांबूला लटकवलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या ज्या भिंतीसमोरून जातात, तिच्यावर आंबेडकर आणि सावित्रीबाई रंगवलेले आहेत. या दृश्यावर मी अधिक लिहिणार नाही. ते नुसते पाहण्याचे आहे.

मग तो दगड. सुरुवातीला गलोलीतून चिमणीवर सुटणारा दगड शेवटी जब्याच्या हातातून थेट आपल्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. पहिल्या वेळी मला वाटले, हा समाजाला मारलेला दगड आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी. तिसऱ्यांदा पाहताना मला माझा सातवीतला बाक आठवला.

माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या घरी तुरकाट्यांच्या कणग्या आणि डालगी विणत असत. एकदा आठवडे बाजारात तो आईबरोबर बसलेला मला दिसला. समोर उपडी घातलेली डालगी, आणि सोलून लाल झालेल्या बोटांनी तो एका टोपलीचा काठ वळत होता. मला पाहताच त्याने मान खाली घातली आणि सरकत सरकत त्या डालग्यांच्या मागे गेला. मला तेव्हा त्यात मौज वाटली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते सांगितले, तो कसा लपला हे करूनही दाखवले, आणि सगळे हसले. तो काही बोलला नाही. मधल्या सुट्टीनंतर त्याने दप्तर उचलले आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसला, आणि वर्ष संपेपर्यंत तो तिथेच बसत असे.