वाचकांचे प्रश्न : घरच्या नियमांचा खेळ

प्रश्न : वीस बाजूंचा फासा नव्हता, म्हणून आमच्या रोलप्लेइंग खेळात (प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो तो खेळ) ल्युडोचे दोन फासे घेतले. बेरीज आठ किंवा जास्त आली की यश. आता पात्रांचे बोनस, म्हणजे बेरजेत मिळवायचे जादा आकडे, +४ वर पोचलेत आणि कुणी हरतच नाही. लक्ष्य बारावर न्यावं का?
– एक वाचक, सांगली

नको. फासे बदलले, बोनस मात्र जुन्या मापाचे राहिले, घोळ तिथे आहे. वीस बाजूंच्या फाशावर +१ म्हणजे यशाची संधी साधारण ५ टक्क्यांनी जास्त. दोन फाशांच्या जोड्या ३६. सात सहा जोड्यांत येतात, बारा एकाच. आठ किंवा जास्त येतात १५ जोड्यांत, म्हणजे ४२ टक्के. +१ मिळाला की थेट ५८, +२ ला ७२, +३ ला ८३, +४ ला ९२! वीस बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळातले +५, +६ जसेच्या तसे उचलले की हे होणारच. लक्ष्य बारा केलंत तर +४ वाल्याला पुन्हा ४२ टक्के, पण बिनबोनसच्या पात्राला छत्तीसात एक संधी. तो बिचारा नुसता बघत बसेल.

बोनस +२ वर थांबवा. अवघड कामाला लक्ष्य दहा ठेवा : बोनस नसेल तर १७ टक्के, +२ असेल तर ४२. पात्र वाढलं हे दाखवायचं तर आकडा वाढवू नका. एका बैठकीत एकदा, दोनपैकी एक फासा पुन्हा टाकायची मुभा द्या. चार-एक पडल्यावर एक्का उचलून परत टाकताना सगळे टेबलावर वाकतात.

प्रश्न : एक लढाई दीड तास चालते. खेळाडू चार, राक्षसाचे प्राण ४०.

हिशोब मांडा. निम्मे वार लागतात, लागलेल्या वाराला एक फासा, पडेल तेवढे प्राण कमी, म्हणजे सरासरी साडेतीन. चौघांचे मिळून फेरीला सात. चाळीस संपायला सहा फेऱ्या, फेरीला पंधरा मिनिटं. झाला दीड तास. प्राण २० करा आणि राक्षसाचा घाव जड करा. शिवाय अर्धे प्राण गेले की तो पळू दे. मरेपर्यंत लढायची हौस माणसांनाच असते.

प्रश्न : फाशांऐवजी कवड्या चालतील?

चालतील, पण कवडी उताणी पडायची शक्यता निम्मी धरू नका. ती प्रत्येक कवडीच्या घडणीवर ठरते. ज्या सहा वापरणार त्याच शंभरदा टाकून दानं लिहून काढा, मग लक्ष्य ठरवा. एक ते वीस आकडे हवे असतील तर डब्यात वीस चिठ्ठ्या सोप्या. काढलेली चिठ्ठी मात्र लगेच परत टाकायची.