तीन सर्व्हर, एक सर्टिफिकेट

प्रश्न : आमची वेबसाइट लोड बॅलन्सरमागे (येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रणा) तीन सर्व्हरवर चालते. तिन्हींवर सर्टबॉट (सर्टिफिकेट मिळवणारा आणि रिन्यू करणारा प्रोग्राम) वेगवेगळा बसवला आहे. लेट्स एनक्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट (सुरक्षित कनेक्शनसाठी लागणारा साइटचा दाखला) कधी रिन्यू होतं, कधी होत नाही. गेल्या आठवड्यात काही ग्राहकांना ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं दिसलं, बाकीच्यांना साइट नीट दिसत होती. तिन्हींवर एकच सर्टिफिकेट वापरलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि तुमच्या परिस्थितीत मी तेच करीन. सर्टिफिकेट डोमेनच्या नावावर निघतं. ते किती मशीनवर ठेवायचं, याला बंधन नाही.

रिन्यूअल का अडतं ते आधी पाहा. पडताळणीसाठी लेट्स एनक्रिप्ट पोर्ट ८० वरून (साध्या वेब-विनंत्यांचं दार) एक फाइल मागतं. सर्टबॉटने ती पहिल्या सर्व्हरवर ठेवलेली असते आणि लोड बॅलन्सर विनंती तिसऱ्याकडे पाठवतो. तिथे ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. शिवाय ही विचारणा एकाच वेळी अनेक ठिकाणांहून होते, त्यामुळे एखादी विनंती योग्य सर्व्हरवर पोचूनही भागत नाही. वैतागून पुन्हा पुन्हा नवं सर्टिफिकेट काढलं, की मर्यादा आड येते : अगदी त्याच नावांची सर्टिफिकेटं ७ दिवसांत ५ च मिळतात.

म्हणून सर्टबॉट एकाच मशीनवर ठेवा आणि पडताळणी डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) टीएक्सटी रेकॉर्डने, म्हणजे मजकुराच्या नोंदीने, करा. मग विनंती कुठल्या सर्व्हरवर जाते, हा प्रश्नच उरत नाही. नवं सर्टिफिकेट आलं, की डिप्लॉय हुकमधून (रिन्यूअलनंतर सर्टबॉट आपोआप चालवतो ती स्क्रिप्ट) ते एसएसएचवरून (सुरक्षित रिमोट जोडणी) बाकीच्या दोघांकडे पाठवा. ‘लाइव्ह’ फोल्डरमध्ये खऱ्या फाइली नसतात, सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असतात. कॉपी करताना मूळ फाइल जाईल असं बघा. फुलचेन (सर्टिफिकेटची पूर्ण साखळी असलेली फाइल) आणि प्रायव्हेट की (सर्टिफिकेटची गुप्त किल्ली) नेहमी जोडीनेच पाठवा. सर्टबॉट एरवी दर रिन्यूअलला की बदलतो, त्यामुळे जुन्या कीशी नवं सर्टिफिकेट जुळणार नाही.

आता रीलोड, म्हणजे वेब सर्व्हरला नव्या फाइली वाचायला लावणं. इथे मी स्वतः पोळले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एका कामात फाइली सगळ्या सर्व्हरवर वेळेवर पोचल्या होत्या, पण एकावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर प्रोग्राम) रीलोड झालाच नव्हता. डिस्कवर नवं सर्टिफिकेट, मेमरीत जुनं. ९० दिवसांचं सर्टिफिकेट साधारण ३० दिवस उरले असताना रिन्यू होतं, म्हणून महिनाभर कुणाला काही कळलं नाही. जुन्याची मुदत संपली त्या सकाळी तक्रारी सुरू झाल्या. मी फाइलची तारीख पाहत होते आणि ती बरोबरच होती. बघायला हवं होतं ते सर्व्हर प्रत्यक्ष काय देतो आहे ते. तुमच्याकडेही काहींनाच इशारा दिसतो, त्यामुळे तिन्ही सर्व्हर प्रत्यक्ष तपासा.

प्रायव्हेट कीबद्दल कळकळीने सांगते : ती मेलवर, चॅटवर किंवा गिटमध्ये (कोड साठवण्याची प्रणाली) कधीही टाकू नका. फाइलची मालकी रूटची (मुख्य प्रशासक खातं), परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. एका सर्व्हरवरून की चोरीला गेली, तर तिन्हींचं सर्टिफिकेट रद्द करून नवं काढावं लागेल. एखादा सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तर त्याला वेगळी की आणि वेगळं सर्टिफिकेट द्या.

हाताने कॉपी करण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. १५ मार्च २०२९ पासून कुठल्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत ४७ दिवस होणार आहे.

शेवटी रोज चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लावा. तिने लोड बॅलन्सरला वळसा घालून प्रत्येक सर्व्हरच्या आयपीवर (पत्त्यावर) ओपनएसएसएलने (सर्टिफिकेट तपासण्याचं साधन) थेट जोडावं, सर्व्हरनेम (कुठली साइट हवी ते नाव) म्हणून तुमचं डोमेन द्यावं आणि सर्टिफिकेटचा सीरियल नंबर व मुदतीची तारीख वाचावी. तिन्ही नंबर सारखे नसतील किंवा २० दिवसांहून कमी उरले असतील, तर तुम्हाला मेल यावा. उद्या चौथा सर्व्हर जोडलात, तर त्याचा आयपी डिप्लॉय हुकमध्ये आणि या स्क्रिप्टमध्ये त्याच दिवशी टाका.