श्रुती मोजायला निघालेल्या विद्यार्थिनीस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा सावकाश वाचला. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली आणि लहानपणापासून गाणं शिकलेली मुलगी ध्वनीवर काम करू म्हणते, याचा मला मनापासून आनंद झाला. पण उद्दिष्टाचं पहिलंच वाक्य मला अडलं. "बावीस श्रुती प्रत्यक्ष गायनात आहेत की नाहीत हे ध्वनिमुद्रणांच्या विश्लेषणातून सिद्ध करणे." हे वाक्य असंच राहिलं तर तुझी उमेदीची वर्षं त्यात खर्ची पडतील आणि हाती काही लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मला सांग, सप्तकातल्या स्वरांमधली ही बारीक अंतरं, या बावीस श्रुती, कोणाच्या? भरताच्या, शार्ङ्गदेवाच्या की देवलांच्या?

नाट्यशास्त्राचा अठ्ठाविसावा अध्याय काढ. भरत दोन सारख्या वीणा घ्यायला सांगतो, दोन्ही षड्जग्रामात, म्हणजे त्या काळच्या एका मूळ स्वररचनेत, लावलेल्या. एक वीणा तशीच ठेवायची, ती ध्रुव. दुसरी चल. चल वीणेचा पंचम एक श्रुती उतरवायचा, मग बाकीचे स्वर त्याच्याशी जुळवून घेऊन वीणा पुन्हा षड्जग्रामात आणायची. म्हणजे अख्खी चल वीणा एका श्रुतीनं खाली आली. हेच पुन्हा केलं की चल वीणेचे गंधार आणि निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ-धैवतांशी मिळतात. तिसऱ्यांदा ऋषभ-धैवत षड्ज-पंचमांशी मिळतात. चौथ्यांदा षड्ज, मध्यम आणि पंचम आपापल्या खालच्या स्वराला जाऊन भिडतात. किती स्वच्छ प्रयोग आहे बघ. पण त्यात एकही आकडा नाही. तारेची लांबी नाही, गुणोत्तर नाही, सगळ्या श्रुती सारख्या आकाराच्या आहेत की नाहीत याचा खुलासाही नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असलेला शार्ङ्गदेव बावीस तारांची वीणा सांगतो, लगतच्या दोन तारांच्या मध्ये तिसरा नाद राहू नये अशा बेतानं लावलेली. स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवर सांगणारा अहोबल तर थेट सतराव्या शतकातला.

आता तू आराखड्याच्या शेवटी जोडलेला तक्ता पाहा. त्यात २२ सेंटच्या (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) दहा, ७० सेंटच्या पाच आणि ९० सेंटच्या सात श्रुती आहेत. बेरीज १२००, सप्तक पूर्ण. त्यावर तू "भरतप्रणीत श्रुती" असं शीर्षक दिलंस. ते बरोबर नाही. श्रुतींना कंपनसंख्यांची गुणोत्तरं देण्याची ही परंपरा आधुनिक आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन स्वर मोजले आणि १९१० साली ते छापले. त्या काळात, हाताशी असलेल्या साधनांनिशी, गवई आणि तार समोरासमोर आणणं ही मोठीच गोष्ट होती. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. पण त्यांचे आकडे हे त्यांनी भरताचं केलेलं एक वाचन आहे. ते भरताच्या तोंडी घातलेस तर संस्कृतचा कोणताही जाणकार तुझा प्रबंध तिथेच मिटून ठेवील, आणि त्याचं काही चुकणार नाही.

दुसरी अडचण गाण्यातली. दरबारीचा गंधार घे. तो आंदोलित आहे, तू स्वतः गातेस तेव्हा तो एका जागी उभा राहत नाही. तुझी संगणकप्रणाली दर काही मिलिसेकंदांनी एक वारंवारता देणार आणि शेवटी तू सरासरी काढणार. ती सरासरी कोणत्याही गवयानं कधी लावलेली नाही! गुरुजी "अजून उतरव" म्हणतात तेव्हा त्यांना आंदोलनाचा तळ खाली हवा असतो, की वेग कमी हवा असतो, की ऋषभावरून येण्याची वाट वेगळी हवी असते? हे ठरल्याशिवाय दशांश चिन्हापुढे कितीही अंक लिहिलेस तरी ते कशाचं माप आहे हे सांगता येणार नाही. नझीर जयराजभॉय आणि स्टोन यांनी १९६३ सालीच प्रत्यक्ष गायन-वादनातले गंधार मोजून दाखवलं होतं की कलाकारागणिक ते वेगळे लागतात. तुझ्याकडे त्यांच्याहून कितीतरी चांगली साधनं आहेत. पण अचूकता वाढवून प्रश्न सुधारत नाही. काय मोजायचं हे गाण्याच्या आणि ग्रंथाच्या बाजूनं ठरतं, कसं मोजायचं हे भौतिकशास्त्र सांगतं, आणि या दोन्हींत पक्कं राहायला लागतं. मला या पत्रात मुख्यतः हेच म्हणायचं आहे.

म्हणून माझा सल्ला असा की सुरुवात तानपुऱ्यापासून कर. जवारीवर, म्हणजे घोडीच्या किंचित गोल माथ्यामुळे तारेला येणाऱ्या त्या झणत्कारावर, काम कर.

१९२१ साली सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात असताना वीणा आणि तानपुऱ्याबद्दल एक निरीक्षण नोंदवलं. पुस्तकी नियम सांगतो की तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वरांचा (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटीतल्या स्वरांचा) निस्पंद बिंदू, म्हणजे न हलणारी जागा, येतो ते उपस्वर उमटत नाहीत. बरोबर मध्यावर छेडलीस तर दुसरा, चौथा, सहावा गायब व्हायला हवेत. तानपुऱ्यात ते हजर असतात. हे तू घरी करून बघ. जोडीची एक तार घे, घोडी आणि तारगहन यांच्यामधला मध्य काढ. बोटानं छेडू नकोस, बोट जाड असतं. केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचा फास मध्यावर अडकव आणि हळूहळू ओढ. तांबं तुटलं की तार सुटते, आणि दर वेळी जवळजवळ तितक्याच ताणानं सुटते. आधी घोडीच्या पुढच्या कडेशी एक धारदार पट्टी बसवून तार फक्त त्या धारेवर टेकव आणि ध्वनिमुद्रण कर. मग पट्टी काढ, घोडीवर तारेखाली घातलेलं सूत सरकवून जवारी लाव, पुन्हा मुद्रण कर. दोन्ही आलेख शेजारी ठेवलेस की पहिल्यात रिकाम्या असलेल्या जागा दुसऱ्यात भरलेल्या दिसतील. तार घोडीच्या किंचित गोलाईवर दर कंपनाला लपेटते आणि सुटते, तिची मोकळी लांबी सतत बदलत राहते. शिवाय वेळेबरोबर उपस्वरांचा जोर वरून खाली सरकत येतो, तेच आपल्याला झुळझुळल्यासारखं ऐकू येतं. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा तिचा पाचवा उपस्वर. तो ३८६ सेंटवर असतो, पेटीचा गंधार ४०० वर. चौदा सेंटांचा हा फरक तुझ्या कानाला माहीत आहेच, आता तो कागदावर येईल.

अभियांत्रिकीचा भाग इथून सुरू होतो. मिरजेला जा. सतारमेकरांच्या दुकानात नुसती बसून राहा. पंढरपूरकडचे वाळवलेले भोपळे, तबली, दांडी, खुंट्या हे सगळं बघशीलच, पण नजर घोडीवर ठेव. कारागीर कानशीचा एखादाच हलका हात फिरवतो, तार छेडतो, सूत रेसभर पुढेमागे करतो, पुन्हा ऐकतो. एका गवयाला जवारी खुली हवी असते, दुसऱ्याला गोल. प्रत्येक हातानंतर घोडीच्या पृष्ठभागाचा उतार मोजता येईल, आवाज मुद्रित करता येईल, आणि "लागली" असं तो म्हणतो त्या क्षणी दोन्हींत नेमकं काय बदललेलं असतं हे शोधता येईल. या प्रश्नाला उत्तर आहे. ते चूक ठरू शकतं, हीसुद्धा त्याची जमेची बाजू. आणि कोणत्या पिढीला, कोणत्या घराण्याला कशी जवारी आवडत आली हा इतिहासाचा प्रश्न त्याला आपोआप जोडला जातो. त्यासाठी कारागिरांच्या मुलाखती लागतील, जुन्या तबकड्या ऐकाव्या लागतील. त्या कामाला "पूरक माहिती" म्हणू नकोस. त्याचीही शिस्त असते.

ती शिस्त कशी असते हे पाहायचं तर दामोदर धर्मानंद कोसंबींचं नाण्यांवरचं काम वाच. गणिती माणूस, पण तक्षशिलेच्या साठ्यातली चांदीची आहत (ठसे मारलेली) नाणी त्यांनी तराजूत घातली. चलनात फिरणारं नाणं झिजतं, सरासरी वजन घटतं आणि वजनांतली तफावत वाढत जाते. त्यावरून कोणता गट आधीचा, कोणता नंतरचा हे काढता येतं. ही कल्पना त्यांनी नुसती मांडली नाही, त्यांच्या काळात चलनात असलेली नाणीही तोलून ती तपासली. आणि संस्कृतात उतरायचं ठरवलं तेव्हा भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती काढली, १९४८ साली, हस्तलिखितांचे पाठभेद रीतसर नोंदवून. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची घडी बसवणारे विष्णु सीताराम सुकथनकर हेही केंब्रिजला गणित शिकलेले. या दोघांनी दुसऱ्या शाखेत पाहुण्यासारखं वागून सवलत मागितली नाही.

बाकी थोडं व्यवहाराचं. पदवी भौतिकशास्त्राचीच घे. नोकरीच्या जाहिराती अजूनही विषयवार निघतात आणि ते लवकर बदलेल असं मला वाटत नाही. सहमार्गदर्शक मात्र संगीतशास्त्रातला असू दे, आणि कागदोपत्री असू दे, नुसता आभारप्रदर्शनात नको. प्रत्येक प्रकरण त्या त्या विषयातल्या सर्वांत कडक माणसाला दाखव. संगीतवाल्यांना दिपवायला समीकरणं घालू नकोस, भौतिकवाल्यांना दिपवायला श्लोक. प्रत्येक मुद्रणासोबत तारेची जाडी, षड्जाची पट्टी, खोलीचं तापमान, हवेतला दमटपणा आणि मायक्रोफोनचं अंतर तिथल्या तिथे लिहून ठेव. रात्री आठवून लिहिलेल्या नोंदी निरुपयोगी असतात. कारागिराला आधी विचार की त्याचं नाव छापलेलं चालेल का. आणि त्याच्या सांगण्यावरून तुझ्या प्रयोगाची मांडणी बदलली, तर त्याला सहलेखक कर. यावर कुणी भुवया उंचावल्या तर माझ्याकडे पाठव.

श्रुतींचा प्रश्न सोडून दे असं मी म्हणत नाही. तो थोर प्रश्न आहे. नाट्यशास्त्राचा हा अध्याय अभिनवगुप्ताच्या टीकेसह बडोद्याच्या आवृत्तीच्या चौथ्या खंडात आहे, तो संस्कृतच्या जाणकारासोबत बसून ओळ न् ओळ वाच. दोन वीणा मिळवून भरताच्या सारणा, म्हणजे चल वीणा एकेक श्रुती उतरवण्याच्या त्या चार पायऱ्या, स्वतः लावून पाहा. तोवर तुझा कान आणि तुझी उपकरणं दोन्ही तयार झालेली असतील.

आराखडा नव्यानं लिहून महिनाअखेरीपर्यंत पाठव. तांब्याच्या तारेचा प्रयोग त्याआधी झाला तर मुद्रणाची मूळ फाइलच पाठव, आलेख नको. मला आधी ऐकायचं आहे.

तुझे
सर