द्राक्षबागेतलं हवामान केंद्र आर्द्रता ९१ टक्के सांगतं, शेजारचा मीटर ८३, खरं कोणाचं? दवबिंदू अचूक मोजतात तरी कसा?

दोघांचंही खरं असू शकतं. तुम्ही टक्क्यांबरोबर तापमानंही लिहिलीत म्हणून उत्तर देता येतंय, नाहीतर लोक नुसते टक्के सांगून मोकळे होतात. पहाटे पाचला तुमच्या केंद्रावर १८ अंश आणि ९१ टक्के. शेजारच्या काकांचा मीटर पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर, तिथं १९.५ अंश आणि ८३ टक्के. मी दोन्हींचा दवबिंदू काढला, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. दोन्हीकडे १६.५ अंश आला. म्हणजे हवेत वाफ सारखीच आहे. विटांची भिंत दिवसाची ऊब रात्रभर सोडत बसते, तिच्याजवळची हवा दीड अंशानं गरम राहिली आणि तेवढ्यात आठ टक्के गेले.

टक्केवारी तापमानाची मिंधी असते. दवबिंदू तसा नाही. हवा तापवा नाहीतर गार करा, तिच्यातली वाफ कमी-जास्त होत नाही तोवर तो जागचा हलत नाही. त्यामुळे दोन मीटर ताडून बघायचे तर दवबिंदूवर बघा.

आता मोजतात कसा ते. मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमापाची यंत्रं ताडून बघायचं काम करतो. आमचं सगळ्यात भरवशाचं यंत्र म्हणजे गार आरसा. फ्रिजमधल्या पाण्यानं भरलेला तांब्या बाहेरून ओला होतो, तेच इथं मोजूनमापून केलेलं. नखाएवढा आरसा, त्याच्या खाली विजेवर गार होणारी पेल्टियरची चकती. आरशावर प्रकाशाचा झोत पडतो, परतलेला प्रकाश समोरचा डोळा बघतो. दव धरलं की प्रकाश विखुरतो आणि परतणारा कमी होतो. मग यंत्र आरसा किंचित तापवतं, दव उडायला लागलं की पुन्हा गार करतं, आणि दवाचा थर ना वाढतोय ना घटतोय अशा जागी आरसा धरून ठेवतं. आरशाच्या पोटात प्लॅटिनमचं तापमापक असतं. त्या क्षणी ते जे दाखवेल तोच दवबिंदू. चांगलं यंत्र ०.१ ते ०.२ अंशापर्यंत बरोबर असतं.

फक्त त्याला घाण चालत नाही. नवीन असताना मी एकदा आरसा अंगठ्यानं पुसला होता. घामातलं मीठ पाणी ओढून घेतं, दव वेळेआधीच धरतं आणि आकडा चढा येतो. अर्धा दिवस मी यंत्रालाच दोष देत होतो.

तुमच्या केंद्रात मात्र आरसा नाही. त्यात पॉलिमरचा पातळ पापुद्रा दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये असतो. पापुद्र्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक तीन-चार, पाण्याचा ८०च्या आसपास. त्यामुळे थोडी वाफ मुरली तरी कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, ओळखू येईल इतका बदलतो. यातून टक्के मिळतात. दवबिंदू हा टक्के आणि तापमान घालून केलेला हिशेब असतो. टक्क्यात दोनची चूक असली तर ९० टक्क्यांच्या आसपास दवबिंदू पाव ते अर्धा अंश हलतो, ते चालून जातं. पण फवारणीचे कण सेन्सरवर बसत गेले की आकडा हळूहळू सरकतो आणि कळतही नाही.

ओल्या-कोरड्या थर्मामीटरची जोडी जुनी, पण मला अजून आवडते. एका थर्मामीटरला ओलं कापड गुंडाळलेलं, दुसरा कोरडा; दोघांच्या तापमानातल्या फरकावरून आर्द्रता काढायची. अट एवढीच: कापड स्वच्छ, पंख्याचा वारा सेकंदाला निदान तीन मीटर आणि पाणी डिस्टिल्ड. बोअरचं पाणी घातलंत तर कापड क्षारानं कडक होतं आणि फरक कमी दिसायला लागतो.

तुम्ही विचारलंय, १०० टक्के झालेच नाहीत तर पानं ओली कशी? निरभ्र, वारा नसलेल्या रात्री पान आपली उष्णता आभाळाकडे सोडतं आणि हवेपेक्षा गार होतं. हवा १८ वर असताना पान १६.५च्या खाली आलं की दव धरलंच. पान म्हणजे आमचाच आरसा, पेल्टियर नसलेला. डावणी या द्राक्षावरच्या रोगाला पानावरचं पाणी लागतं, केंद्रावरचे टक्के नाही. मी तरी तापमान आणि दवबिंदूतलं अंतर बघतो. दोन अंशांच्या आत आलं आणि आभाळ मोकळं असलं की पानं ओली धरून चालतो.

काकांचा मीटर आधी भिंतीवरून काढा, सावलीत, घडांच्या उंचीला टांगा. तरीही दवबिंदू जुळेना तर बरणीत मीठ घेऊन त्यात पाणी थेंबाथेंबानं घाला. ओल्या रव्यासारखं व्हावं, विरघळून जाऊ नये. मीटर मिठाला न टेकवता आत ठेवा, झाकण घट्ट लावा आणि बरणी घरात एका जागी रात्रभर राहू द्या. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७० किंवा ८० दाखवला तर सेन्सर बदला.