थंडीतील ट्रेकसाठी शरीराला सराव व्हावा म्हणून घर थंड ठेवावे का?

हिवाळी ट्रेकपूर्वी काही आठवडे घर मुद्दाम थंड ठेवले तर शरीर थंडीला सरावते का, आणि सरावत असल्यास तापमान किती व किती दिवस ठेवावे, असे आपण विचारले आहे. शरीर थोडेफार सरावते, हे खरे आहे. त्यापुढचे सांगण्याचा अधिकार मला एक अख्खा हिवाळा १४ अंश सेल्सिअसच्या घरात काढल्यामुळे मिळाला आहे, आणि तो हिवाळा मी स्वतःहून निवडलेला नव्हता.

माझा थोरला भाऊ आणि मी अशा दोघांनी बर्फातील पाच दिवसांचा ट्रेक ठरवला होता. निघण्याच्या आठ आठवडे आधी दादाने कोणालाही न विचारता थर्मोस्टॅट १४ अंशांवर आणला आणि आता शरीराची तयारी सुरू झाली असे जाहीर केले. आई दोन स्वेटर घालून, पायांवर रग घेऊन बसू लागली. मी बोटे उघडी ठेवणारे हातमोजे घालून टंकन करायला शिकले. स्नानगृहातील भिंतींना ओल धरली आणि कपाटामागे बुरशी आली, ती दादाने कधी पाहिली नाही, कारण ती पुसण्याचे काम माझ्याकडे होते. कोणत्याही तक्रारीवर त्याचे एकच उत्तर असे: "होईल सवय." तो स्वतः मात्र अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरत असे, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याचे कुडकुडणे खरोखरच कमी झाले होते, हे मला तेव्हाही दिसत होते आणि आजही मान्य आहे. माझ्यात मात्र काडीचाही फरक पडला नव्हता. यामागचे कारण साधे आहे. शरीर थर्मोस्टॅटवरच्या आकड्याला सरावत नाही. त्वचेला जो गारवा लागतो त्याला सरावते. घर थंड करून आत लोकरीचे कपडे घालून बसणाऱ्याच्या पदरात गैरसोयीखेरीज काही पडत नाही.

आता आपल्या 'किती' या प्रश्नाविषयी. प्रौढ माणसाच्या शरीरातही उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी कार्यरत असते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनांनी स्पष्ट केले. त्यानंतर २०१३ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे एक प्रयोग झाला, ज्यात सहभागी व्यक्तींना दहा दिवस, रोज सहा तासांपर्यंत, १५ ते १६ अंश तापमानात बसवण्यात आले. अखेरीस त्यांच्या तपकिरी चरबीची क्रिया वाढलेली आढळली, हुडहुडी कमी झाली आणि तीच थंडी त्यांना आधीपेक्षा सुसह्य वाटू लागली. म्हणजे दिवसातील काही तास, हलक्या कपड्यांत, दोनएक आठवडे एवढ्यानेही परिणाम दिसतो. आठ आठवडे, चोवीस तास आणि संपूर्ण घर ही दादाची योजना त्या प्रयोगातून निघत नाही. ती कशातूनच निघत नाही.

पण मला खरे सांगायचे आहे ते ट्रेकच्या तिसऱ्या दिवसाविषयी. दुपारी आम्ही खिंडीच्या माथ्यावर पोहोचलो तेव्हा चढाच्या श्रमाने सगळ्यांचे आतले कपडे घामाने भिजले होते आणि वारा बोचरा होता. चालताना स्नायू विश्रांतीच्या कितीतरी पट उष्णता निर्माण करतात, आणि थांबल्यावर ती झपाट्याने घटते. घाम मात्र तसाच राहतो आणि ओले कापड अंगातील ऊब ओढून घेते. वाटाड्याने बसण्यापूर्वीच पिसांचे जॅकेट चढवले. मीही चढवले, कारण मला थंडी वाजत होती. दादाला वाजत नव्हती. तसे त्याने अभिमानाने सांगितले, आणि ओल्या शर्टावर एक पातळ जॅकेट एवढ्यावरच तो वाऱ्यात सुमारे अर्धा तास बसला. उठल्यावर त्याला सॅकच्या पट्ट्याचे बक्कल लावता येईना. हातमोजा खाली पडला, तो उचलण्याचेही त्याने मनावर घेतले नाही, आणि मी काही विचारले तर शब्द जड येऊ लागले. वाटाड्याने क्षणाचाही विलंब न लावता त्याला आडोशाला नेले, ओले कपडे उतरवून कोरडे घातले, वर दोन स्लीपिंग बॅग गुंडाळल्या आणि गिळता येते याची खात्री करून गोड, गरम पेय पाजले. तासाभराने तो माणसांत आला.

दादा आजतागायत म्हणतो की तो केवळ थकवा होता आणि सकाळी नीट न खाल्ल्याचा परिणाम होता. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले म्हणजे हायपोथर्मिया समजतात, आणि आमच्याजवळ तापमापक नव्हता, त्यामुळे या वादात त्याला हवी तेवढी पळवाट आहे. परंतु त्याचे थकवा आणि उपास हे दोन्ही मुद्दे माझ्याच बाजूचे आहेत, कारण दमलेले, उपाशी शरीर लवकर गारठते. थंड घरात त्याने आठ आठवडे जी कमाई केली होती तिचा मोठा भाग थंडी न जाणवण्याचा होता, आणि थंडीचे न जाणवणे म्हणजे थंडीपासून संरक्षण नव्हे. हुडहुडी ही शरीराने दिलेली हाकही आहे आणि शेकोटीही आहे. काही प्रयोगांत थंडीला सरावलेल्यांना कंप उशिरा सुटल्यामुळे त्यांचे आतले तापमान सराव नसताना उतरे त्याहून अधिक उतरल्याचे आढळले आहे. दादाने हाक बंद केली आणि घर सुरक्षित झाले असे मानले.

शिवाय ही कमाई टिकाऊही नसते. कोरियातील हेन्यो स्त्रिया पातळ सुती कपड्यांत थंड समुद्रात बुड्या मारत, आणि त्यांच्या शरीरात झालेले बदल संशोधकांनी मोजलेले आहेत. १९७० च्या दशकात त्यांनी रबरी पोशाख वापरण्यास सुरुवात केल्यानंतर काही वर्षांतच ते बदल नाहीसे झाले. वर्षानुवर्षांच्या कष्टांची ही गत असेल तर आपल्या दिवाणखान्यातील दोन महिन्यांची काय कथा! बोटांच्या बाबतीत तर बैठ्या सरावावर मुळीच विसंबू नये. हिमदंश सराव विचारून येत नाही.

आपल्याला करायचेच असेल तर एक खोली थंड ठेवा, हलक्या कपड्यांत तेथे रोज काही तास बसा, आणि त्याहून अधिक वेळ बाहेरच्या थंडीत सॅक पाठीवर घेऊन चालण्यात घालवा. कधी जॅकेट काढायचे, घाम फुटण्याआधी वेग कसा उतरवायचा, थांबताक्षणी ऊबदार थर कसा चढवायचा, जाड हातमोज्यांनी बक्कल कसे लावायचे, हे घरात बसून येत नाही. चुकून असाही समज नको की थंडीला सरावल्याने उंचीची विरळ हवा सोसेल. तो सराव वेगळा आहे आणि तो हळूहळू उंची गाठूनच होतो.

हे आधीच सांगायला हवे होते, पण ज्यांना रक्तदाब किंवा हृदयाचा विकार आहे, अथवा गारव्याने ज्यांची बोटे पांढरी पडतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये. घरात वृद्ध माणूस किंवा तान्हे मूल असेल तर संपूर्ण घर थंड ठेवण्याचा विचार सोडूनच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानातील घरांसाठी १८ अंश हे सुरक्षित तापमान सांगितले आहे, आणि दुर्बलांसाठी त्याहून अधिक लागू शकते. आईला तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या सुरू होत्या. दादाला मी हे सांगितले होते. "होईल सवय," असेच तो तेव्हाही म्हणाला होता.

न्यायाचे म्हणून एवढे नोंदवते की पहाटे स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडताना मी रोज कण्हत होते आणि तो शिट्टी वाजवत बूट बांधत होता. सरावाचा तेवढा लाभ त्याला निश्चित झाला. यंदाही त्याचा सराव चालू आहे, फक्त त्याच्या खोलीपुरता. बाकी घरात २० अंश आहेत आणि त्याच्या दाराखालच्या फटीत मी बाहेरून टॉवेल लावून ठेवते.