वाचकांचे प्रश्न : हिममण्याची उष्णता जाते कुठे?

प्रश्न : मी एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहे. तिच्यातील क्षारवाडी हा कल्पित मुलूख आपल्या किनाऱ्यासारखाच आहे : खाड्या, जांभ्याचे सडे, आषाढात कोसळणारा पाऊस आणि वैशाखात तळ गाठणाऱ्या विहिरी. या मुलखात कित्येक पिढ्यांतून एखाद्याच वेळी ‘हिममणी’ सापडतो. तो बर्फाचाच असतो, पण कधीही वितळत नाही आणि कायम गार राहतो. मित्रांचे म्हणणे असे की, दमट किनाऱ्यावर ही जादू पटणार नाही, कथा हिमालयात न्यावी. आपले मत काय? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : कथा आहे तिथेच राहू द्या. जिथे बर्फ पायदळी असतो तिथे हिममण्याचे कोणाला अप्रूप वाटणार? किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र बर्फाची किंमत पक्की ठाऊक असते. हर्णै किंवा मिरकरवाडा बंदरात होडीच्या खणात बर्फ भरताना जो उशीर करतो, त्याची मासळी लिलावात पडत्या भावाने जाते. शिवाय चांदण्यात पाझरणारा चंद्रकांत मणी संस्कृत कवींनी कधीच वर्णिला असल्यामुळे, गार आणि ओलसर मण्याची कल्पना आपल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

अडचण आहे ती दुसरीकडेच. बर्फ मासळी गार ठेवतो तो मुख्यतः वितळतो म्हणून. एक किलो बर्फ वितळताना भोवतालची सुमारे ३३४ किलोजूल उष्णता शोषून घेतो. तुमचा मणी वितळतच नसेल आणि तरीही गारवा देत असेल, तर त्याने शोषलेली उष्णता जाते कुठे, याचा हिशेब लेखकाकडे तयार हवा. वाचक एक अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतो. पण तिच्या आडून दुसरी आणि तिसरी पुढे येऊ लागली की तो पुस्तक मिटतो.

आता हाच हिशेब कथेच्या कामी कसा येतो ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक पाऊस पडतो, पण सच्छिद्र जांभ्यातून आणि तीव्र उतारांवरून ते पाणी भराभर समुद्राला मिळते आणि उन्हाळ्यात वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. त्याच दिवसांत हवा मात्र बाष्पाने जड झालेली असते. दर घनमीटर हवेत वीस ग्रॅमपेक्षा जास्त बाष्प असणे तेव्हा नवलाचे नसते. अशा हवेत कायम गार असलेला मणी टांगला, तर त्याच्यावर पाणी सुटत राहणारच आणि खाली कळशी ठेवली तर ती भरणारच. मणी शून्य अंशाखाली असेल तर पाण्याऐवजी त्याच्यावर पांढरे हिम धरेल आणि ते खरवडायला माणूस नेमावा लागेल. हे काम कोणाकडे, मानाने की पाळीने, यावरून गावात भांडण लागल्याशिवाय राहणार नाही, आणि ते भांडण लिहिण्याजोगे आहे.

परंतु एक लिटर पाणी हवेतून मिळवायचे तर बाष्पाचे पाणी होताना सुमारे २,४०० किलोजूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे सात किलो साधा बर्फ वितळवून टाकील इतकी. ती सगळी मण्याने गिळायची आहे. त्यापेक्षा मणी खाडीत बुडवणे शहाणपणाचे ठरेल. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या सुमारास गोठू लागते आणि सावकाश गोठले तर त्यातले बहुतेक मीठ बर्फाबाहेर ढकलले जाते. मण्याभोवती धरलेला बर्फ काढून, वरचा खारट थर धुऊन टाकला की उरते ते जवळजवळ गोडे पाणी. मुळात पाणी थंड करण्याचा खर्च धरला तरी हा मार्ग जवळपास पाचपट स्वस्त पडतो. घाई केली तर मात्र बर्फात खारे पाणी अडकून राहते. कादंबरीतील एखाद्या अनुभवी कोळणीला हे ठाऊक असावे आणि सरदाराला नसावे, असे मी सुचवेन.

राहिली गिळलेली उष्णता. ती कुठे बाहेर काढावी, हे कोकणच सांगते. तुरळ, राजवाडी, उन्हवरे येथे गरम पाण्याचे झरे आहेत. भेगांतून खोल गेलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते, हे त्यांचे खरे कारण. क्षारवाडीत मात्र असा झरा मण्याला जोडलेला असू द्या. एका गावाने जितके गोडे पाणी काढावे, तितका डोंगरापलीकडच्या गावाचा झरा तापत जावा, आणि त्या गावाला आपली शेते का करपतात याचा उलगडा होऊ नये. माझ्या मते तुमच्या कादंबरीचा खरा विषय हाच आहे. राजपुत्र आणि तलवारी त्यानंतर.

प्रश्न : न वितळणाऱ्या बर्फाला शास्त्रात काहीच आधार नाही का? (तेच वाचक)

उत्तर : आहे, पण तुम्हाला हवा तसा नाही. अतिप्रचंड दाबाखाली पाण्याचे रेणू वेगळ्या रचनेत बसतात आणि बर्फाची निराळी रूपे तयार होतात. त्यांपैकी ‘बर्फ-सात’ हे रूप पृथ्वीच्या खोल पोटातून वर आलेल्या काही हिऱ्यांत सापडल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. साध्या तापमानाला हा बर्फ टिकण्यासाठी वातावरणाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब लागतो. हिऱ्याच्या भक्कम आवरणाने तो कोंडून धरला होता. हा बर्फ पाण्यात बुडतो, त्यामुळे खाडीच्या तळाशी मणी सापडणे सयुक्तिक ठरेल. मात्र तो हाताला मुळीच गार लागणार नाही, कारण तो टिकतो दाबामुळे, थंडीमुळे नव्हे. गारवा ही जादूच राहू द्या. कवच फुटले की मणी संपतो, एवढा नियम मात्र या हिऱ्यांकडून जरूर उचला.

प्रश्न : आमच्या घरी बर्फाच्या कारखान्याचा व्यवसाय होता. अशा कथेत खोटा हिममणी ओळखण्याची काही खूण देता येईल का? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : ती खूण तुम्ही रोज पाहिली असेल. मिठाच्या थंडगार पाण्यात बुडवलेल्या डब्यांत लादी कडेकडून आत गोठत जाते, पाण्यात विरघळलेली हवा आणि क्षार मध्यभागी ढकलले जातात आणि लादीचे पोट दुधी होते. शतकानुशतके सावकाश वाढलेला मणी आरपार स्वच्छ असावा. कोणी मांत्रिकाने एका रात्रीत गोठवलेल्या मण्याचे पोट पांढरे दिसावे. नक्कल गारगोटीची असेल, तर पाणी सुटण्यावरून ती पकडता येईल : दगडही हाताला गार लागतो, पण दमट हवेत थोड्याच वेळात हवेइतका कोमट होतो आणि कोरडा पडतो.